कापड हाताला कळतं

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीतली गोष्ट. मंडळाच्या मखरामागे लावायला बारा फूट रुंद आणि आठ फूट उंच पडदा करायचा ठरला. मराठी शाळेतली मुलं त्यावर वारली चित्रं काढणार होती. कापड आणायची जबाबदारी माझ्याकडे आली. मी चकचकीत, सुरकुती न पडणारं, रुंद पन्ह्याचं आणि मुख्य म्हणजे स्वस्त असं पॉलिएस्टरचं कापड घेऊन आले. मुलांनी दोन शनिवार बसून तारपा वाजवणारा माणूस, त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं, भाताची खाचरं, बैल असं सगळं काढलं. चित्र इतकं छान झालं की सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले.

मग हॉलवर न्यायला आम्ही ते कापड गुंडाळलं, आणि तिथे उलगडलं तर निम्मं चित्र जमिनीवर! रंगाचे पापुद्रे सुटून आले होते. नाचणाऱ्या माणसांना पाय नव्हते आणि बैलांना शिंगं नव्हती. एक सात वर्षांची मुलगी खाली बसून ते पांढरे तुकडे गोळा करायला लागली, तेव्हा मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

माझ्या सासूबाई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी पडद्याचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं आणि हळूच मला म्हणाल्या, "अगं, हे कापड पाणीच पीत नाही, ते रंग कुठून पिणार?"

या एका वाक्याने माझा अभ्यास सुरू झाला. गेल्या दोन वर्षांत पडद्यासाठी, मुलांच्या भरतकामासाठी आणि घरच्या एका गोधडीसाठी मी बरंच कापड घेतलं. काही चुकलं, काही जमलं. इथे राहून हातकाम करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून ते सगळं लिहिते आहे.

नावांचा घोळ

पहिली अडचण नावांची. आपल्याकडे मांजरपाट म्हटलं की न धुतलेलं, न रंगवलेलं, जाडसर पांढुरकं सुती कापड डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत तेच हवं असेल तर 'मस्लिन' मागायचं. इंग्लंडमधल्या नणंदेला मी 'मस्लिन घे' म्हटलं, तर तिने बाळाच्या लंगोटाचं झिरझिरीत कापड घेतलं. तिकडे मांजरपाटाला 'कॅलिको' म्हणतात. आणि अमेरिकेत 'कॅलिको' मागितलं तर बारीक फुलाफुलांचं छापील सुती कापड मिळतं. खरं तर हा शब्द आपल्याच कालिकतवरून आलेला आहे. आपली मलमल हवी असेल तर 'मल', 'व्हॉइल' किंवा 'लॉन' या नावांनी शोधावं लागतं. तिन्हींत थोडा थोडा फरक आहे, पण तलमपणा तिघांतही आहे.

असे शब्द आपल्याकडून तिकडे गेले आणि वेगळा अर्थ घेऊन परत भेटले. छींटचं 'चिंट्झ' झालं. मुंबईच्या डोंगरीच्या नावाशी जोडलं जाणारं जाडंभरडं सुती कापड 'डंगरी' म्हणून जगभर कामगारांच्या अंगावर चढलं. म्हणून नावावर विसंबू नये. कापड कशाचं आहे, किती जाड आहे, कसं विणलेलं आहे आणि त्यावर काय प्रक्रिया झाली आहे, हे चार प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरं मिळाली की नाव काहीही असो.

आईंच्या परीक्षा

यातला पहिला प्रश्न म्हणजे धागा कशाचा. आमच्या आईंच्या परीक्षा अगदी सोप्या आहेत. पहिली पाण्याची. कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. धुतलेलं सुती कापड तो चटकन पितं. पॉलिएस्टरवर तो बराच वेळ मोत्यासारखा बसून राहतो. मात्र कोऱ्या कापडाला खळ असते आणि ती पाण्याला अडवते. म्हणून तुकडा आधी गरम पाण्यात धुवायचा, वाळवायचा आणि मग थेंब टाकायचा.

दुसरी परीक्षा जाळून बघण्याची. कडेचे चार धागे काढून, चिमट्यात धरून, सिंकवर पेटवायचे. सुती आणि लिनन कागदासारखं जळतं, तसाच वास येतो आणि मऊ करडी राख उरते. रेयॉनही असंच जळतं, त्यामुळे तिथे फसायला होतं. रेशीम आणि लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि मागे चुरगळणारी काळी गोळी राहते. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मुलांना जवळ घेऊन हे करू नये, आणि आधी धूर ओळखणारा गजर कुठे आहे ते बघून घ्यावं. आमच्याकडे तो वाजलेला आहे.

तिसरी परीक्षा ओढण्याची. काठाला समांतर जाणारा उभा धागा सगळ्यांत कमी ताणतो, आडवा थोडा जास्त, आणि उरेब, म्हणजे तिरपं ओढलं तर कापड चांगलंच लांबतं. पिशवीचे बंद, तोरणाची पट्टी, चित्राचा पडदा असं जे काही टांगायचं असेल, त्यात उभा धागा वरून खाली यायला हवा. शक्य नसेल तर निदान आडवा. उरेब कधीच नाही. पण गोल कडेला गोट लावायचा असेल, तर उरेब पट्टीच हवी, कारण ती वळणावर बसते.

कॅनव्हास म्हणजे काय?

कॅनव्हास हे एका धाग्याचं नाव नाही. घट्ट, साधी वीण असलेल्या जाड कापडाला कॅनव्हास म्हणतात. शब्दाचं मूळ 'कॅनाबिस'मध्ये आहे, कारण एके काळी तो हेंपच्या धाग्याचा असे आणि त्याची शिडं होत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हेनिसच्या चित्रकारांनी ओल येणाऱ्या भिंती सोडून कापडावर चित्रं काढायला सुरुवात केली. जहाजांच्या त्या गावात शिडाच्या कापडाला काय तोटा!

आज दुकानात मुख्यतः दोन कॅनव्हास मिळतात: सुती आणि लिनन. सुती कॅनव्हासला 'डक' म्हणतात. बदकाशी त्याचा काही संबंध नाही. कापड या अर्थाच्या 'डूक' या डच शब्दावरून तो आला. लिनन होतं जवसाच्या खोडाच्या धाग्यापासून. आपण ज्या जवसाची चटणी खातो त्याच झाडाचं तेल तैलरंगात असतं आणि त्याच झाडाचा धागा कॅनव्हासमध्ये, हे कळल्यावर मला फार गंमत वाटली. लिननचे धागे लांब आणि मजबूत असतात, ताणून बसवलेलं कापड सहसा सैल पडत नाही. पण किंमत सुतीच्या कितीतरी पट. शिकणाऱ्याने, मुलांनी आणि मंडळाने सुती डकच घ्यावं.

जाडी औंसात सांगतात, म्हणजे एका चौरस यार्डाचं वजन. सात औंस हलकं, दहा मध्यम, बारा आणि पुढे जड. भारतातून मागवलं तर वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम असं लिहिलेलं असतं. औंसाला ३४ ने गुणलं की साधारण हिशेब जमतो. दहा औंस म्हणजे ३४० जीएसएम. एका ठिकाणी मात्र नीट लक्ष द्यावं. डकला क्रमांकही असतात आणि ते उलटे चालतात. दहा नंबरचं डक दहा औंसाचं नसतं, पावणेपंधराच्या आसपास भरतं. बारा नंबरचं साडेअकराच्या आसपास. नंबर वाढला की कापड हलकं होतं. मी पहिल्यांदा हे न वाचता मागवलं आणि आलेल्या कापडात शिवणयंत्राच्या दोन सुया मोडल्या.

आता त्यावरचा थर. कोऱ्या सुती कापडावर ॲक्रिलिक रंग सरळ लावता येतो. तो कापडात मुरतो. पण रंग वरच्या वर उठून दिसायला हवा असेल, तर आधी जेसो नावाच्या पांढऱ्या अस्तराचे दोन हात द्यावे लागतात. तैलरंगासाठी ते अस्तर आवश्यकच आहे. तेल थेट सुताला लागलं तर धागा काही वर्षांत ठिसूळ होतो आणि चित्रासकट कापड तडकतं. लाकडी चौकटीवर ताणलेला तयार कॅनव्हास घेतला तर अस्तर बहुधा दिलेलंच असतं. वेष्टनावर वाचून घ्यावं. चौकटीच्या कोपऱ्यात ठोकायला बारीक पाचरी दिलेल्या असतील तर फेकू नका. कापड सैल झालं की त्या हलक्या हाताने ठोकल्या की पुन्हा ताण येतो.

दुसरा पडदा

गेल्या वर्षी पुन्हा पडद्याची वेळ आली, तेव्हा कापड हातात घेऊन बघायची सोयच राहिली नव्हती. ओहायोत १९४३ मध्ये सुरू झालेल्या 'जोॲन'ची देशभरची सगळी दुकानं २०२५ मध्ये बंद झाली. आमच्यासारख्या किती जणींचा तो शनिवारचा विसावा होता! आता बरंचसं कापड संगणकावर बघून घ्यावं लागतं. त्यावर माझा उपाय एकच: आधी नमुन्याचा तुकडा मागवायचा. थोडा खर्च येतो, पण तुकडा धुता येतो, जाळता येतो, त्यावर रंग लावून तो गुंडाळून बघता येतो.

घरं रंगवणारे जमिनीवर अंथरतात ते सुती कॅनव्हासही आम्ही पाहिलं. हार्डवेअरच्या दुकानात ते नऊ फूट बाय बारा फूट अशा मापात मिळतं आणि स्वस्त पडतं. लहान मंचासाठी ते उत्तम आहे. पण पाणी लागलं की ते आटणार, मध्येच जोडाची शिवण येणार, आणि आमची चौकट बरोब्बर बारा फुटांची. म्हणून साठ इंच पन्ह्याचं दहा औंसाचं डक घ्यायचं ठरलं. दोन पट्ट्या एकाखाली एक जोडायच्या, बारा फूट म्हणजे चार यार्ड, आटण्यासाठी आणि दुमडीसाठी अर्धा यार्ड जास्त, असे दोन्ही मिळून किती झाले? नऊ वार! आमच्या पडद्याला नऊवारीच लागली.

त्या नऊ वारांचं वजन सव्वाचार किलोच्या आसपास होतं, म्हणून वरच्या कडेला नेफा शिवून त्यात जाड दांडी घातली. गेरूच्या रंगाचा, पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग पातळ करून दोन हात दिले. पूर्ण दोन दिवस वाळू दिलं आणि मग मुलांच्या हातात पांढरा रंग दिला. मूळ वारली चित्रं शेणामातीने सारवलेल्या, गेरू लावलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढत, आणि बांबूची काडी चावून तिचा ब्रश करत, हे मुलांना सांगितलं. ती चित्रं कागदावर आणि कापडावर आणून जगभर पोचवणाऱ्या जिव्या सोमा मशे यांचं नावही सांगितलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पीठ कापडावर टिकत नाही म्हणून आम्ही ॲक्रिलिक वापरलं, पण थर पातळ ठेवला. जाड थर गुंडाळताना तडकतो.

यंदा तोच पडदा पुन्हा लागला. एकाही बैलाचं शिंग पडलेलं नाही. तो घडी घालून न ठेवता कागदाच्या नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळायचा, एवढंच पुढच्या समितीने लक्षात ठेवावं.

मुलांसाठी मॅटी

शाळेतल्या शिवणाच्या तासाला आपण मॅटीच्या कापडावर फुल्या फुल्यांचे टाके घातले आहेत. इथे त्याच जातीचं 'आयडा' मिळतं. त्यावरचा आकडा म्हणजे एका इंचात किती चौकोन. आकडा मोठा तितके चौकोन बारीक आणि काम नाजूक. समजा तुमच्या नमुन्याची रुंदी सत्तर टाके आहे. चौदाच्या कापडावर तो पाच इंच होईल, अकराच्या कापडावर सहा इंचांपेक्षा थोडा मोठा, अठराच्या कापडावर चार इंचांहून लहान. टाक्यांना आकड्याने भागायचं आणि चौकटीत बसवण्यासाठी चारी बाजूंना तीन तीन इंच सोडायचे. आठ-दहा वर्षांच्या मुलांना अकराचं द्यावं, दोऱ्याचे सहापैकी तीन पदर घ्यावेत. आमच्या मराठी शाळेत मुलांनी स्वतःचं नाव देवनागरीत भरलं. वेलांटी आणि मात्रा चौकोनांत बसवताना कोणती वेलांटी पहिली आणि कोणती दुसरी, हे आपोआप पाठ झालं.

जुनेराची गोधडी

आता घरची गोष्ट. आई आल्या तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरण्यांबरोबर स्वतःच्या जुन्या साड्यांचं गाठोडं होतं. नात पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार, तिला गोधडी द्यायची. नात म्हणाली, "आजी, पण ती मशीनमध्ये धुता आली पाहिजे. आणि ड्रायरमध्येही." आई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या गोधड्या वर्षातून एकदा नदीवर धुतल्या जायच्या आणि दगडांवर वाळायच्या.

आम्ही गाठोडं सोडलं. आईंनी एकेक साडी खिडकीसमोर धरली. जिथून उजेड जास्त येत होता तिथे सूत झिजलं होतं. तो भाग खडूने खूण करून बाजूला काढला. मग हलकेच ओढून पाहिलं. बहुतेक साड्या नेसून नेसून मधोमध विरल्या होत्या आणि काठाकडे धडधाकट होत्या. "म्हणून तर दंड घालायचे," आई म्हणाल्या. दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग जोडून एक लुगडं करायचं, हे त्यांच्या आईने आयुष्यभर केलं होतं.

दोन साड्या सिंथेटिक निघाल्या. त्या कधी फाटत नाहीत, पण घाम शोषत नाहीत आणि सुती थरांबरोबर धुतल्या की सुती आटतं, त्या तशाच राहतात. गोधडीला पोळ्या येतात. त्यांच्या आम्ही पिशव्या शिवल्या. एक इरकल होती, सूत आणि रेशीम दोन्ही असलेली. नातीला तीच हवी होती. आईंनी स्पष्ट सांगितलं, "ड्रायरमध्ये घालणार असशील तर ही नाही मिळणार." इरकल कपाटात राहिली. जरीची किंवा रेशमाची साडी अशीच ठेवावी: प्लास्टिकमध्ये नाही, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून, आणि मधून मधून घडी बदलून.

राहिल्या पाच सुती साड्या. एक नियम आम्ही पक्का पाळला आणि तो सगळ्या हातकामाला लागू आहे: तयार वस्तू पुढे जशी धुतली जाणार, तसंच कापड आधी धुऊन घ्यायचं. सगळ्या साड्या आणि पाठीसाठी घेतलेलं नवं मांजरपाट मशीनमधून आणि ड्रायरमधून काढलं. नवं सुती कापड शंभर इंचाला तीन ते पाच इंच सहज आटतं. ते शिवण्याआधी आटलेलं बरं. त्याआधी प्रत्येक साडीवर ओला पांढरा फडका घासून पाहिला. लाल साडीने फडका गुलाबी केला. मीठ आणि व्हिनेगर घालून रंग पक्का होतो असं मी ऐकून होते. केलं, तरी फडका गुलाबीच. सुती कापडाचा कच्चा रंग अशाने पक्का होत नाही. ती लाल साडी आईंच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची होती. त्यांनी क्षणभर ती मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "हिच्यामुळे बाकीच्या चार खराब नकोत." आणि स्वतःच बाजूला ठेवली.

चार साड्या, सगळ्यांचा उभा धागा एकाच दिशेला, खाली मांजरपाट. कडेपासून सुरू करून आत आत जाणारा धावदोरा. आम्ही कापूस घातला नाही. आपल्या गोधडीची ऊब थरांची असते. आमच्या ग्रंथालयात त्याच सुमारास अलाबामातल्या जीज् बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्यांचं पुस्तक मिळालं. शेतात घालून झिजलेल्या कामाच्या कपड्यांचे तुकडे जोडून त्यांनी त्या केल्या. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत त्यांचं प्रदर्शन झालं, २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटं निघाली. आईंनी एकेक पान उलटलं आणि म्हणाल्या, "बघ, यांनीही गुडघ्याकडचं विरलेलं काढून टाकलंय."

नोव्हेंबरात आईंचे सहा महिने संपले. गोधडी निम्मी झाली होती. विमानतळावर निघताना त्यांनी सुई आहे त्या टाक्यात तशीच टोचून ठेवली आणि नातीला म्हणाल्या, "आता तुझ्या हाताने."

हिवाळाभर गोधडी कोपऱ्यात होती. मला वाटलं, आता ती मलाच पुरी करावी लागणार. पण मार्चच्या एका रविवारी लेक खाली बसलेली दिसली. मी काही बोलले नाही. ऑगस्टमध्ये कॉलेजला जायच्या आठवडाभर आधी तिने शेवटची गाठ मारली. कुठे आईंचा हात संपतो आणि कुठे तिचा सुरू होतो, ते दहा फुटांवरूनही कळतं. पहिल्या धुण्याला आम्ही दोघी ड्रायरच्या काचेसमोर बसलो होतो. गोधडी बाहेर आली ती सपाट, रंग जिथल्या तिथे.

साताऱ्याला व्हिडिओ लावला. आईंनी चष्मा घातला, गोधडी जवळ आणायला सांगितली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "टाके मोठे झालेत. पण कापड बरोबर निवडलंय, टिकेल."

या दिवाळीत कोणी आईच्या साड्यांचं काही करायचं म्हणत असेल, तर कात्री हातात घेण्याआधी एक संध्याकाळ त्या साड्या नुसत्या खिडकीसमोर धरून बघा. आणि आई जवळ असेल तर तिला शेजारी बसवा.